खोळीचे कापड

घरातल्या एका बाईला झोप येत नव्हती आणि बाकीच्या तिघांनाही त्यावरचा उपाय ठाऊक होता. इतके भाग्य फारच थोड्या आजाऱ्यांच्या वाट्याला येते.

ती बाई एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करी. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून त्यातल्या पेशी ओळखायच्या, हे तिचे काम. हल्ली बहुतेक मोजणी यंत्रेच करीत. पण यंत्राला शंका आली की ती काचपट्टी तिच्याकडे येई. सूक्ष्मदर्शकासमोरच्या त्या उंच स्टुलावर तिचे निम्मे आयुष्य गेले होते आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगताई म्हणत. कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती क्षणभर थांबे आणि मगच वळून पाही.

पन्नाशी जवळ आली तशी भिंगताईच्या शरीराने तिला न विचारता स्वतःचे नवे वेळापत्रक आखले. झोप लागते न लागते तोच छातीतून उष्णतेची एक लाट उठे, मानेवरून डोक्यात चढे, अंग घामाने निथळे. आणि ओले कपडे अंगाला चिकटून गार पडले की थंडी वाजू लागे. पांघरूण काढायचे, घ्यायचे, पुन्हा काढायचे, असा खेळ पहाटेपर्यंत चाले. दिवसा तिचे डोळे भिंगाला टेकत आणि तिथेच मिटत. एकदा तर तिने दोन काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. तापाने फणफणलेल्या एका लहान मुलाचे रक्त एका धडधाकट ट्रकचालकाच्या नावावर गेले. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी सही करण्याआधी दोन्ही पट्ट्या पुन्हा पाहिल्या म्हणून निभावले.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"काही दिवस तुम्ही नमुने घेण्याच्या काउंटरवर बसा," त्या म्हणाल्या. "नवी मुलगी तुमच्या स्टुलावर बसेल. महिनाअखेरीला मला कामाची कायमची वाटणी वर कळवायची आहे. तोवर नीट झोपून या. मला दुसरं काही नको, तुमची झोप हवी आहे."

भिंगताईलाही दुसरे काही नको होते. ती स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेली. त्यांनी औषध दिले, पण ते लागू पडायला वेळ लागेल असे सांगितले. "तोवर रात्रीचे कपडे बदला," त्या म्हणाल्या. "हलकं, सैल, घाम टिपणारं आणि लवकर वाळणारं काहीतरी घाला. निम्मी लढाई कापडाचीच असते."

ही गोष्ट भिंगताईने संध्याकाळच्या चहाला घरात सांगितली. तसे करण्याची काही गरज नव्हती.

"कापड?" तिचे यजमान कप खाली ठेवत म्हणाले. "एवढंच ना? अगं मग डॉक्टरांकडे हेलपाटे कशाला घातलेस? कापडातला माणूस घरात बसलाय!"

यजमानांचा धंदा सोफे, खुर्च्या आणि बाके यांवर कापड चढवण्याचा. बाजारात त्यांना सोफेवाले म्हणत आणि त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांच्या दुकानात कापड घासून पाहण्याचे एक छोटे यंत्र होते. कापडाचा तुकडा त्यात अडकवायचा, वरून एक पट्टी गोल गोल फिरत राही आणि तुकडा विरेपर्यंत किती फेरे होतात ते यंत्र मोजी. तीस हजार फेऱ्यांच्या खालचे कापड सोफेवाले दुकानाची पायरी चढू देत नसत. माणसांबद्दलचे त्यांचे मतही थोडेफार याच धर्तीवर बनलेले होते.

"दादा, तुझं कापड खुर्च्यांना," नणंद म्हणाली. "वहिनी काही खुर्ची नाहीत."

नणंद वरच्या मजल्यावर राही आणि दिवसाचा बराचसा काळ खालच्या मजल्यावर काढी. तिने सारी नोकरी एका बड्या हॉटेलच्या स्वागतकक्षात केली होती. माणूस कोणत्याही क्षणी लोकांसमोर येण्याजोगा असला पाहिजे, हे तिथे शिकलेले तत्त्व तिने निवृत्तीनंतर घरी आणले होते आणि ते ती कोणालाही विनामूल्य देत असे.

"रात्रीचे कपडे म्हणजे काय?" ती म्हणाली. "दार वाजलं तर उघडायचे कपडे. चांगलं झुळझुळीत सॅटिन घ्या, वहिनी. आरशात बघून स्वतःलाच बरं वाटतं, मग झोप का नाही येणार?"

"आत्या, सॅटिन म्हणजे प्लास्टिक आहे प्लास्टिक!" लेक म्हणाली. ती महाविद्यालयात पर्यावरणाचा अभ्यास करी आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडे आरोपीसारखी पाही. "आई, तू आधी मला एक सांग. तुला नैसर्गिक धागा हवाय की पुनर्निर्मित?"

"मला झोप हवी आहे गं."

"ते कळलं. पण कापड?"

रविवारी सगळे रात्रीच्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेले. दुकान छान थंडगार होते. थंड हवेत, उभ्याने आणि कोरड्या हातांनी कापडाची परीक्षा चालू झाली. सोफेवाल्यांनी एका गाऊनच्या बाहीचे टोक अंगठ्याच्या नखाने खरवडले, दोन्ही हातांनी ताणले, उजेडाकडे धरले. नणंदेने तेच गालाला लावून डोळे मिटले. लेकीने शिवणीतली चिठ्ठी वाचली आणि सुस्कारा टाकला. ज्या अंगाला घाम येत होता ते अंग बाजूच्या खुर्चीवर पिशव्या सांभाळत बसले होते.

"एकदम सॉफ्ट आहे, मॅडम," विक्रेती म्हणाली. "अंगावर काही घातलंय असं वाटतच नाही."

"वाटायला नको का?" नणंद म्हणाली. "नाहीतर माणूस तसाच दार उघडायचा!"

"याची घासणी किती?" सोफेवाल्यांनी विचारले.

"काय, सर?"

"घासून किती फेऱ्यांना उतरतं हे?"

"सर, हे नाइटवेअर आहे."

"म्हणजे तपासलेलंच नाही," सोफेवाले घरच्यांकडे वळून म्हणाले. एखाद्या आस्थापनाचा भ्रष्टाचार उघडकीला आणल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते.

भिंगताईचे मत घेतले नाही असे कोणी म्हणू नये. 'कसं वाटतंय?' असे तिला पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि ती तोंड उघडेपर्यंत तिघांपैकी कोणीतरी तिच्या वतीने उत्तरही दिले. शेवटी मतभेद मिटेनात तेव्हा लोकशाही मार्गाने असे ठरले की प्रत्येकाने आपापल्या पसंतीचे एकेक आणावे. नणंदेने तिथेच मोरपिशी सॅटिनचा गाऊन घेतला. लेकीने फोनवरून बांबूच्या धाग्याचा सदरा आणि पायजमा मागवला. सोफेवाले काहीच न घेता दुकानातून बाहेर पडले. त्यांच्या मनात काय होते ते चार दिवसांनी कळायचे होते.

मोरपिशी गाऊनची बातमी सकाळी चहाबरोबर फुटली.

"काय वहिनी, लागली की नाही शांत झोप?"

"उशीवरून मान आणि गादीवरून मी, दोघी रात्रभर घसरत होतो," भिंगताई म्हणाली. "आणि घाम आला की ते कापड असं काही लपेटतं अंगाला, की सोडवून घ्यावं लागतं."

"पण दिसत होतात किती छान!"

"कोणाला?"

"अहो, कोणी आलं असतं तर!"

"कोणी आलं तर मी झोपले आहे म्हणून सांगा ना. एवढं खोटं बोला माझ्यासाठी."

बांबूच्या कपड्यांबद्दल लेकीने आधी बराच वेळ माहिती दिली. कापड खरोखर मऊ होते आणि त्याने घामही लगेच टिपला. मात्र टिपलेला घाम परत सोडून देण्याची कल्पना त्याला मान्य नव्हती. ते ओले होई, जड होई आणि ओलेच राही. पहाटे भिंगताईचे दात वाजत.

"आई, पण त्याने पाणी किती कमी लागतं माहितेय, ते पिकवायला?"

"ते सगळं वाचलेलं पाणी माझ्या पाठीवर होतं."

यानंतर सोफेवाल्यांनी आपली वस्तू समारंभपूर्वक टेबलावर ठेवली. त्यांच्या दुकानातल्या सर्वांत उंची, जाड विणीच्या तागाच्या, म्हणजे लिननच्या, कापडाचा पायघोळ अंगरखा होता तो. आणि ते कापड पंचेचाळीस हजार फेऱ्यांना उतरले होते. तागातून वारा खेळतो, ताग घाम टिपतो, हे त्यांचे म्हणणे चुकीचेही नव्हते. फक्त हा विशिष्ट ताग विमानतळावरच्या बाकांसाठी विणलेला होता. भिंगताईने तो अंगावर चढवला तेव्हा तिला रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागातला शिशाचा अंगरखा आठवला.

"टोचतंय हो हे," सकाळी मानेवरचे लाल वळ दाखवीत ती म्हणाली.

"टोचणारच सुरुवातीला. आपला तो हिरवा सोफा आठव. पाच वर्षं टोचला. आता बघ, लोण्यासारखा झालाय."

"पाच वर्षांत माझा हा त्रासच संपलेला असेल."

"पण कापड तसंच्या तसं असेल! याला मरण नाही. कितीही जणांनी वापरलं तरी…"

"कितीही जणांनी म्हणजे? माझ्यावर पाहुणे बसणार आहेत का?"

लेक चहा तोंडात असताना हसली आणि तिला ठसका लागला. सोफेवाल्यांना मात्र खरोखर वाईट वाटले. त्यांनी आपल्याकडचे सगळ्यात उत्तम बायकोला दिले होते. एवढे तीन चांगले कपडे मिळूनही ज्या बाईला झोप येत नाही तिच्यातच काही दोष असला पाहिजे, असा एक मूक निष्कर्ष त्या टेबलाभोवती हळूहळू आकार घेत होता.

काउंटरवर दिवसाचे काम सोपे होते. बाटली घ्यायची, नाव विचारायचे, चिठ्ठी लावायची. आत रक्त काढणारा गडी, ज्याला सगळे सुईवाला म्हणत, तो मधूनमधून डोकावे.

"ताई, आज डोळ्यांखाली काय काळं आहे हो! दोन बाटल्या भरतील."

"तू तुझ्या बाटल्या भर."

"काल म्हणे तुम्ही बांबू घालून झोपला होतात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलंत. सांगता सांगता डुलकी काढलीत, म्हणून आठवत नसेल."

ती हसली, पण काउंटरवरच्या त्या जागेवरून काचेच्या दारापलीकडचे तिचे स्टूल दिसे. नवी मुलगी त्यावर ताठ बसलेली असे. ती अधूनमधून एखादी पट्टी घेऊन भिंगताईकडे येई आणि अदबीने विचारी. तिचा हात वाईट नव्हता, नजरही बरी होती, आणखी वर्षभरात ती चांगली तयार झाली असती. भिंगताईला हेच जास्त लागे. नवी मुलगी ढ असती तर महिनाअखेरीची एवढी भीती वाटली नसती. रात्री आपण ज्या घामात भिजतो त्याने आपली जागा, आपले नाव आणि आपण आजवर ओळखलेली प्रत्येक पेशी हळूहळू धुऊन निघते आहे, असे तिला वाटू लागले होते. आणि घरी हे सांगावे तर कोणीतरी चौथे कापड आणील ही धास्ती होती.

महिना संपत आला होता. त्या दुपारी काम लवकर सुटले. घराची किल्ली लेकीकडे राहिली होती, म्हणून भिंगताई यजमानांच्या दुकानात गेली. यजमान एका गिऱ्हाइकाकडे मापे घ्यायला गेले होते. पुढच्या खोलीत सगळीकडे निम्म्या सोललेल्या खुर्च्या होत्या. बसायला एकही जागा शाबूत नव्हती. ती मागच्या कारखान्यात गेली. तिथे एक कारागीर खुर्चीच्या पाठीवर खिळे ठोकत होता, दुसऱ्याचे शिलाई यंत्र धडधडत होते आणि कोपऱ्यात पांढरट कापडाचा मोठा ढीग पडलेला होता.

"बसा ना बाई," खिळे तोंडातून न काढता कारागीर म्हणाला. "धुतलेलं आहे."

ते उशा-गिरद्यांच्या आतल्या खोळीचे कापड होते. साधे, पातळ, बिनरंगाचे मांजरपाट. नवे कापड खोळीला लावले तर पुढे आटते आणि गिरदी आखडते, म्हणून दुकानात ते आधी दोन-तीनदा पाण्यातून काढून वाळवीत. त्यातली सगळी खळ त्यामुळे निघून गेलेली असे. भिंगताई ढिगावर टेकली. मग थोडी मागे रेलली. खिळे ठोकल्याचा आवाज दूर गेला.

ती लाट तिथेही आली. मान तापली, कपाळावर घाम फुटला, ती अर्धवट जागी झाली; पण गालाखालचे कापड ओले झाले आणि पंख्याच्या वाऱ्यावर, तिची झोप पुरती उडण्याआधीच, वाळूनही गेले. कापडाने काहीही केले नाही. ते घसरले नाही, चिकटले नाही, टोचले नाही. इतक्या दिवसांनी एका कापडाने तिला तिच्या वाटेने जाऊ दिले, आणि ती गेली.

सोफेवाले परतले तेव्हा त्यांच्याबरोबर एक वकील जोडपे होते. सोफ्याचे काम आत कसे चालते ते त्यांना पाहायचे होते. सोफेवाल्यांनी मोठ्या डौलाने मागचे दार उघडले. समोर त्यांची पत्नी तोंड किंचित उघडे ठेवून, खोळींच्या ढिगावर, हातोड्याच्या आवाजात गाढ झोपलेली होती.

"वा!" वकीलसाहेब म्हणाले. "झोपून दाखवायचीही सोय आहे वाटतं तुमच्याकडे?"

"आम्हाला हेच दाखवा," वकीलबाई म्हणाल्या. "कुठलं कापड आहे हे?"

"हे… नाही नाही, हे आतलं कापड," सोफेवाले घाईने म्हणाले. "हे दाखवायचं नसतं. तुम्ही पुढे चला ना, पुढे मखमल आहे."

गिऱ्हाईक वाटेला लावून ते परत आले तेव्हा भिंगताई उठून बसली होती. तिच्या गालावर कापडाच्या चुणीचा ठसा होता. कित्येक आठवड्यांनी तिच्या चेहऱ्यावर असे काहीतरी होते ज्याचा काळ्या वर्तुळांशी संबंध नव्हता.

"अहो, मला याचे कपडे हवेत."

"कशाचे?"

"याचे. या ढिगाचे."

"अगं ही खोळ आहे!"

"असू दे."

"याची घासणी पाच हजारसुद्धा नाही. आत असतं म्हणून टिकतं. हे कापडच नव्हे, हे… हे भरणाच्या आणि कापडाच्या मधलं काहीतरी आहे. आणि मी बायकोला हे घालू? बाजार काय म्हणेल? सोफेवाल्याने बायकोला खोळ घातली!"

"बाजार माझ्या खोलीत झोपत नाही."

"एवढं चांगलं तागाचं आणून दिलं मी…"

"दिलंत. खरंच चांगलं होतं." ती थांबली. कारागिराचा हातोडाही थांबला होता. तो खिळा शोधण्याचे निमित्त करीत होता. "अहो, मी एका लहान मुलाचं रक्त दुसऱ्याच्याच नावावर लावलं. तुम्हाला सांगितलं नाही मी. मोठ्या बाईंनी पाहिलं म्हणून. नाहीतर त्या पोराचा ताप उपचारांविना वाढत गेला असता आणि त्या भल्या माणसाला औषधं सुरू झाली असती. मला काउंटरवर बसवलंय, ते काही हवापालट म्हणून नाही. महिनाअखेरीला त्या माझी जागा कायमची दुसरीला देतील. आणि मी जर अशीच झोपेविना राहणार असेन, तर द्यायलाच हवी. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिली असती."

सोफेवाले ढिगाजवळ गेले, एक पदर उचलला आणि सवयीने नख लावले. नख लावले आणि काढून घेतले. त्यांनी तो पदर नुसताच हातात धरून ठेवला, जणू ते तो प्रथमच धरीत होते.

"आधी सांगायचंस," ते म्हणाले.

"सगळे कापडाबद्दल बोलत होते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोफेवाल्यांनी घरी एक पुडके आणले. प्रेमात माणूस आपल्या हातचे सर्वोत्तम देतो, आणि संकट तिथेच असते. बायकोसाठी ढिगातले धुतलेले कापड वापरायचे म्हणजे तिचा अपमान, म्हणून त्यांनी मांजरपाटाचा अगदी नवा कोरा, खळीने कडक झालेला ताका उघडला होता. गाऊन त्यांच्या उत्तम कारागिराने शिवला होता. त्याच्या खांद्यांना, बाह्यांना आणि घेराला जाडजूड दोरीचा गोट होता, शिवण दुहेरी होती आणि खालच्या बाजूला एक लांब चेन होती.

"ही चेन कशाला?" लेकीने विचारले.

"सवयीने बसवली त्याने," सोफेवाले म्हणाले. "भरण बदलायला लागते ना. असू दे, नडत नाही."

नणंदेने गाऊन उभा धरला. तो स्वतःच्या बळावर उभा राहिला. "दादा," ती म्हणाली, "वहिनींना कोपऱ्यात ठेवायचं की मधोमध?"

"हसा," सोफेवाले म्हणाले. "हसा तुम्ही."

भिंगताई हसली नाही. तिने यजमानांकडे पाहिले, "शिवण फार सुंदर आहे," असे म्हणाली, आणि ते खरेच होते. मग ती कात्री घेऊन खिडकीशी बसली. काचपट्टीवर पेशी वेगळ्या करणाऱ्या बोटांनी तिने गोट उसवला, दोरी ओढून काढली, चेन काढली, दुहेरी शिवणीतली एक ओळ सोडवली. नंतर गाऊन गरम पाण्यात बुडवला, चोळला, पिळला, वाळवला आणि पुन्हा बुडवला. सोफेवाले दारात उभे राहून आपल्या दुकानाची अब्रू बादलीत पांढुरकी होऊन विरघळताना पाहत होते. थोड्या वेळाने ते आत आले आणि बादलीतले पाणी बदलून दिले.

"आता पोतेरं दिसतंय अगदी," नणंद म्हणाली.

"हो ना?" भिंगताई आनंदाने म्हणाली.

तो घालून झोपल्यावर पहिल्याच सकाळी तिला हाका मारून उठवावे लागले. त्रास गेला नव्हता. लाट आली होती, एकदाच नव्हे. पण तिने तिला पुरते जागे केले नव्हते, आणि जागे केले तरी ओले कापड अंगावर गार पडत बसले नव्हते. चमत्कार म्हणावे असे यात काहीच नव्हते. ज्याला तो हवा असेल त्याने बांबूच्या सदऱ्याची जाहिरात वाचावी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला आत बोलावले आणि स्टुलाकडे बोट केले. पट्ट्यांचा एक ट्रे समोर ठेवला. "या बघून सांगा," एवढेच त्या म्हणाल्या. नवी मुलगी बाजूला उभी राहिली. भिंगताईने भिंग आपल्या डोळ्यांच्या मापाला जुळवून घेतले. जांभळ्या-गुलाबी वर्तुळांचे ते तिचे जुने जग धूसर होते, मग लख्ख झाले. ती एकेक पट्टी सांगत गेली. तिसऱ्या पट्टीवर थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"यावरची चिठ्ठी चुकीची आहे," ती म्हणाली. "हे आणि आधीचं एकाच माणसाचं रक्त आहे, पेशींची ठेवण तीच."

"मीच लावली होती," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी ट्रे उचलला. "उद्यापासून इथे या." मग नव्या मुलीकडे वळून त्यांनी सांगितले, "आणि तू यांच्या शेजारी बस. दुसरं स्टूल मागवते मी."

ही बातमी घरी पोचली तेव्हा नणंद खालीच होती.

"मी म्हटलंच होतं," ती म्हणाली, "रात्रीच्या कपड्यांकडे लक्ष द्या म्हणून. विषय मीच लावून धरला."

"आत्या, नैसर्गिक धागा हा मुद्दा माझा होता. शेवटी सुतीच निघालं ना?"

"आणि कापड कोणाच्या दुकानातलं?" सोफेवाल्यांनी विचारले. बाजारातल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना त्यांनी दुपारीच सांगितले होते की खरा जाणकार कापड बाहेरून ओळखत नसतो.

भिंगताई तोवर जेवून उठली होती. बाहेर अजून पुरता अंधारही पडला नव्हता. तिने ते पोतेऱ्यासारखे दिसणारे वस्त्र अंगावर चढवले आणि खोलीकडे निघाली.

"अहो वहिनी, इतक्यात? कोणी आलं म्हणजे?"

"मला उद्या लवकर जायचंय."

"आई, थांब ना, एक राहिलंच," लेक म्हणाली. "तुझी उशी. उशीचा अभ्रा अजून तोच जुना पॉलिएस्टरचा आहे. मी म्हणते, कापूस की…"

"अभ्रा सॅटिनचाच हवा," नणंद म्हणाली. "केस तुटत नाहीत."

"उशीवर डोकं घासतं," सोफेवाले खुर्ची पुढे ओढत गंभीरपणे म्हणाले. "रोज घासतं. तिथे मात्र घासणीचा विचार करावाच लागेल."

"करा," भिंगताई म्हणाली. "मात्र हळू आवाजात करा." आणि तिने दार लोटून घेतले.